राख आणि राखण

आमच्या देवघरात कोडॅकच्या रोलची एक काळी डबी असायची, करड्या झाकणाची. रोल केव्हाच धुऊन आला, फोटो अल्बमात चिकटून पिवळे पडले, डबी मात्र आईने अंगाऱ्यासाठी ठेवून घेतली. झाकण घट्ट बसतं आणि पावसाळ्यात अंगारा सर्दावत नाही, एवढंच त्यामागचं कारण. शिर्डीहून आलेली उदीची पुडी त्या डबीत रिकामी व्हायची, मढीच्या कानिफनाथांचा अंगारा त्यातच, अक्कलकोटहून कुणी आणलेला त्यातच, आणि काहीच आलं नाही तर उदबत्तीच्या घराखाली साठलेली राखही त्यातच. कोणती चिमूट कोणाची, हे त्या डबीलाही सांगता आलं नसतं. आईला विचारलं तर म्हणायची, "त्यांचं त्यांना कळतं."

विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर या आमच्या भागातल्या घरांमधून अंगाऱ्याच्या आठवणी एका मैत्रिणीने गोळा केल्या. त्याचं पुस्तक होतंय, प्रस्तावना तू लिही, म्हणाली. मी म्हटलं, मी काही देवदेव करणारी बाई नव्हे. ती म्हणाली, "डबी तुझ्याकडेच आहे ना?" आहे. आई गेल्यावर घरातलं बरंच काही वाटून टाकलं, ती डबी राहिली. तेव्हा लिहिणं भाग आलं.

आधी शब्दांकडे बघू, कारण राखेविषयी मराठी माणूस दोन तोंडांनी बोलतो. एखाद्याने लोकांना फसवायचा धंदा मांडला की आपण त्याला 'अंगारेधुपारे' म्हणतो. संसार उद्ध्वस्त झाला की त्याची राखरांगोळी होते. आणि त्याच तोंडाने आपण एखाद्या थोर माणसाला 'विभूती' म्हणतो. विभूती म्हणजे ऐश्वर्य, आणि विभूती म्हणजे कपाळाला लावायची राख. याहून गमतीचा शब्द 'रक्षा'. संस्कृतात रक्षा म्हणजे राखण आणि रक्षा म्हणजे राखसुद्धा. आपली 'राख' त्याच 'रक्षे'तून आली आणि 'राखणे' हे क्रियापदही त्याच कुळातलं. बृहज्जाबाल उपनिषदात भस्माची जी पाच नावं दिली आहेत त्यांत रक्षा हे एक, आणि भयापासून राखते म्हणून रक्षा, असा अर्थही तिथे लावून दिला आहे. मेलेल्या माणसाची तिसऱ्या दिवशी सावडून आणतो ती रक्षा, आणि तापलेलं पोर वाचावं म्हणून त्याच्या कपाळावर टेकवतो तीही रक्षाच. दोन्हींना एकच शब्द वापरताना आपण अडखळत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ही राख काही फक्त देवाकडून येत नव्हती. चूल होती तोवर घरात राखेला तोटा नव्हता. भांडी राखेने घासायची, दात राखुंडीने, वेलावर मावा पडला की वरून राख भुरभुरायची, वर्षाचं कडधान्य भरताना राख चोळून ठेवायची म्हणजे पोरकिडा लागत नाही. राख धान्य राखते हे ज्या बाईने दरवर्षी डोळ्यांनी पाहिलं, तिला ती पोराला राखेल असं वाटलं तर त्यात मोठी उडी नाही. विश्रांतवाडीच्या जुन्या घरांतल्या बायका या पुस्तकात चुलीविषयी इतकं बोलल्या आहेत की पहिला भाग वाचताना आपण अंगाऱ्याचं पुस्तक वाचतोय हे विसरायला होतं. मग गॅस आला आणि घरातली राख संपली. आज आमच्या सोसायटीत राख मिळण्याची ठिकाणं दोनच: उदबत्तीचं घर आणि होळीची दुसरी सकाळ. धुळवडीला वॉचमनच्या केबिनजवळच्या होळीतली राख वाटीत घेऊन जाणाऱ्या दोघी-तिघी अजून आहेत. बाकीचे रंगाच्या पाण्याची वाट बघत असतात.

महाराष्ट्रात कपाळावरून देव ओळखता येतो, निदान यायचा. भंडार दिसला की खंडोबा, कुंकवाचा मळवट दिसला की देवी, गोपीचंदन आणि बुक्का दिसला की विठोबा, आणि भस्माचे तीन आडवे पट्टे दिसले की शंकर. सोलापूर-लातूरकडच्या लिंगायत घरांमध्ये विभूतीचा गोळा असतो, आणि त्यांच्या अष्टावरणांत गुरू, लिंग, जंगम यांच्या रांगेत विभूतीही येते. खडकी-दिघीच्या लष्करी आस्थापनांमुळे आमच्याकडे तमिळ घरंही बरीच. त्यांचं 'तिरुनीरु' आमच्या अंगाऱ्यापेक्षा पांढरं आणि मऊ, पण लावायची तऱ्हा पाहिली तर आपलीच आजी वाटावी.

आता यातली एक गोष्ट अगदी आमच्या दारावरून जाते. ज्येष्ठात आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते आणि फुलेनगरमार्गे पुण्यात शिरते. त्या दिवशी आळंदी रोडवर उभं राहिलं की दुपारपर्यंत आपलंही कपाळ बुक्क्याने काळं होतं. पण ज्यांच्या पादुका त्या पालखीत आहेत त्यांची गुरुपरंपरा बघा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ती स्वतः ज्ञानदेवांनीच सांगितली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. म्हणजे सगळे धुनीपुढे बसणारे, अंगाला भस्म लावणारे नाथजोगी. त्या राखेतून बुक्का कसा निघाला, कडक वैराग्याच्या करड्या रंगातून अभीराचा सुगंधी काळा कसा झाला, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं. या पुस्तकात ते नाही. एका आजीने मात्र पालखीच्या दिवशी डबीतला अंगारा लावून त्यावर बुक्का लावून घेते, असं सांगितलं आहे. विचारलं का, तर "आधी थोरल्यांचं."

नाथांचं नाव निघालंच आहे तर गोरक्षनाथांच्या जन्माची गोष्ट टाळता येणार नाही. धुंडिसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसार' या १८१९ सालच्या पोथीत ती आहे, आणि ही पोथी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत श्रावणात लावली जाते. मच्छिंद्रनाथ एका निपुत्रिक बाईला भस्म देतात आणि खायला सांगतात. ती आनंदाने शेजारणींना सांगते. शेजारणी भीती घालतात: बैरागी कोण कुठला, त्याने दिलेलं कशाला तोंडात घालतेस? बाई घाबरते आणि भस्म उकिरड्यावर टाकून देते. बारा वर्षांनी नाथ परत येऊन विचारतात, मुलगा कुठे आहे? मग त्या उकिरड्यातून गोरक्ष बाहेर येतात. या गोष्टीत चमत्कार आहे हे सगळेच सांगतात. मला त्यातल्या शेजारणी फार महत्त्वाच्या वाटतात. अनोळखी माणसाने दिलेली राख खाऊ नकोस, हा शहाणपणाचा सल्ला खुद्द पोथीतच दिलेला आहे. अंगाऱ्यावरचा अविश्वास इंग्रजी शाळेतून आला असं मानणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

अंगाऱ्याचा आधुनिक मराठी ग्रंथ म्हणायचा तर तो 'श्रीसाईसच्चरित'. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत हे वांद्र्याला मॅजिस्ट्रेट होते. नऊ हजारांवर ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी उदीच्या महिम्याला अध्यायच्या अध्याय दिले आहेत. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, देह ठेवला. द्वारकामाईतली त्यांची धुनी आजही पेटती आहे आणि तिचीच उदी पुड्यांतून घरोघर जाते. आमच्या विश्रांतवाडीतल्या डब्यांमध्ये सगळ्यात जास्त भर तिचीच.

या अध्यायांतली जामनेरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. नानासाहेब चांदोरकर तिथे मामलेदार, लेक बाळंतपणात अडलेली. शिर्डीत बाबा रामगीर गोसाव्याला उदीची पुडी आणि आरतीचा कागद देऊन पाठवतात. त्याच्या खिशात दोन रुपये. जळगाव स्टेशनावर तो पहाटे पावणेतीनला उतरतो तेव्हा दोन आणे उरलेले. तेवढ्यात एक शिपाई नावाने हाका मारत येतो, टांग्यात बसवतो, वाटेत खाऊ घालतो, उजाडता जामनेरला पोचवतो. पुढे कळतं की टांगा नानासाहेबांनी पाठवलाच नव्हता. मुलगी सुखरूप बाळंत होते.

ही गोष्ट नीट वाचली तर एक जाणवतं. उदी तोंडात पडली आणि मुलगी सुटली, हे थोडक्यात उरकतं. गोष्ट रंगते ती प्रवासात: तिकिटाचे पैसे, अंधारातलं स्टेशन, हाक, टांगा, वाटेतला फराळ. त्याच ग्रंथात एकदा प्लेग झालेल्या मुलीसाठी नानासाहेबांकडे उदी मागायला माणूस येतो. नानासाहेब ठाणे स्टेशनजवळ वाटेत असतात, जवळ उदी नसते. ते रस्त्यावरची माती उचलतात, बाबांचं स्मरण करतात आणि ती बरोबर असलेल्या आपल्या बायकोच्या कपाळाला लावतात. आजारी मुलीच्या नव्हे, बायकोच्या! त्याच ग्रंथातल्या विंचू चावल्याच्या गोष्टीतही तसंच. उदी सापडत नाही म्हणून तसबिरीपुढच्या उदबत्तीची राख लावली जाते. म्हणजे उदीचा सगळ्यात मोठा भक्तसुद्धा सांगतो की उदीच्या जागी माती चालते, उदबत्तीची राख चालते, कपाळही दुसऱ्याचं चालतं. चालत नाही ते एकच: कुणाला तरी तुझी काळजी आहे, ही खबर पोचायची राहणं. माझ्या मते अंगारा हा मुळात निरोप आहे. ज्याच्याकडे आपण डॉक्टर, पैसा, टांगा यातलं काहीच पाठवू शकत नाही, त्याच्याकडे चिमूटभर पाठवायची गोष्ट. या पुस्तकातल्या आठवणी याच नजरेने वाचाव्यात असं मी सुचवेन. परीक्षेच्या दिवशी कंपासपेटीत सापडलेली पुडी, पहिल्यांदा परदेशी निघालेल्या मुलाच्या पाकिटात आईने न सांगता कोंबलेली पुडी. लोहगावच्या विमानतळावर तपासणीच्या जवानाने ती उघडली, हुंगली आणि घडी घालून परत दिली, असं तो मुलगा सांगतो. त्याचा देवावर विश्वास नाही. पुडी अजून पाकिटात आहे.

सच्चरितातलीच आणखी एक गोष्ट, जी उदी वाटणारे सहसा सांगत नाहीत. १९१०च्या दिवाळीत बाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. दूर कुठेतरी भट्टीत पडलेलं लोहाराचं मूल वाचवलं, असं ते म्हणाले. मुंबईहून डॉक्टर आणवला गेला, बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. पण भागोजी शिंदे, जो स्वतः महारोगी होता, रोज येऊन त्या हाताला तूप चोळायचा, पान ठेवून पट्टी बांधायचा. जखम बरी झाल्यावरही हा नेम बाबांच्या समाधीपर्यंत चालला. धुनीशेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर रोज तूप आणि पट्टी. मला हे चित्र जामनेरच्या टांग्यापेक्षा अधिक खरं वाटतं. आणि आज शिर्डीत संस्थान धुनीही सांभाळतं आणि रुग्णालयंही चालवतं.

दाभोलकर हे आडनाव पुण्याच्या माणसाच्या कानावर पडलं की त्याला दुसरेच दाभोलकर आठवतात. एका दाभोलकरांनी उदीचा महिमा ओवीबद्ध केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं आयुष्य अंगारेधुपाऱ्यांच्या बाजाराविरुद्ध घालवलं आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. घरात पूजा करणं, कीर्तन, यात्रा यांना कायदा हात लावत नाही. अंगारा कपाळाला लावला म्हणून कुणी पकडत नाही, अंगारा लावून दाराला कडी घातली तर पकडतात. ही रेघ फार नीट ओढलेली आहे. आणि ती काही नवी नाही. गाडगेबाबा कीर्तनात अंगारेधुपाऱ्यांवर जे आसूड ओढायचे ते कोणत्याही कायद्यापेक्षा जोरकस होते. लोकांच्या आजारपणासाठी त्यांनी काय बांधलं, तर मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा.

म्हणून प्रस्तावनेत चार रोकड्या गोष्टी सांगणं मला गरजेचं वाटतं, पुस्तक कितीही भक्तिभावाचं असलं तरी. विंचवाची गोष्ट वर आली. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश झालेली माणसं पूर्वी शंभरात तीसेक दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. तेव्हा विंचू चावला की उदबत्तीची राख शोधायची नाही, गाडी शोधायची. नवजात बाळाच्या नाळेला राख किंवा शेण लावायची रीत होती, त्यातून धनुर्वात होऊन किती बाळं गेली याची मोजदाद नाही. भारत या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. उदबत्तीत कोळशाची पूड असते, चिकटपणासाठी जिगट असते, वर सुगंधी रसायन. तिची राख कपाळाला ठीक, जिभेवर नको. पूजासाहित्याच्या दुकानातली पांढरीशुभ्र सुवासिक विभूती कशाची आहे हे पुडीवर बहुधा लिहिलेलं नसतं, तीही नको. आणि वैद्याचं सुवर्णभस्म, लोहभस्म हा धातू मारण्याचा निराळाच प्रकार, त्याचा अंगाऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही. हवेतून विभूती काढून दाखवणाऱ्यांविषयी तर काय बोलावं? पेजेत मळून वाळवलेली राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात धरायची आणि चुरडायची. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळेच्या पोरांपुढे ती करून दाखवतात, आणि पोरं दुसऱ्या दिवशी ती करून आयांना घाबरवतात.

सगळ्यात जड आठवणी येरवड्याच्या मनोरुग्णालयाजवळून येणाऱ्या आहेत. आळंदी रोडने जाताना रोज दिसणारी ती भिंत. तिथवर पोचण्याआधी माणूस किती ठिकाणी फिरवला, किती पुड्या पोटात गेल्या, किती अमावस्या झाल्या, हे सांगताना घरच्यांचा आवाज खाली जातो. त्यात पैसे गेल्याचं दुःख थोडं आहे, वेळ गेल्याचं फार. संकलन करणाऱ्या मैत्रिणीने हा भाग गाळला नाही, याबद्दल तिचे आभार.

शेवटी माझी आठवण, कारण डबी माझी. मी नववीत असताना एका रात्री धाकट्या भावाला तापात झटका आला. वडील रात्रपाळीला. आईने डबी उघडली, अंगठा आणि अनामिकेने चिमूट उचलली, त्याच्या कपाळाला, मग गळ्याला, मग छातीला लावली. तिची बोटं थरथरत होती आणि राख त्याच्या भुवईत सांडली. तोवर मी समोरचं दार वाजवलं होतं. समोरच्या काकांचं घर १९५६ पासून बौद्ध. देव, नवस, अंगारा, सगळं त्यांनी सोडून दिलेलं. आईच्या डबीवरून त्यांचे आणि तिचे जिन्यात कित्येकदा वाद झालेले. त्यांनी काही विचारलं नाही. लुंगीवरच खाली उतरले, रिक्षा काढली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी भावाच्या कपाळावरची राख बोळ्याने पुसली आणि आईला चार शब्द सुनावले. आई गप्प उभी राहिली. पहाटे ताप उतरला. परत येताना काका म्हणाले, "वहिनी, त्यांनी पुसलं ते ठीक, पण ओरडायला नको होतं."

ती रात्र आमच्या घरात पुढे दोन तऱ्हेने सांगितली गेली. आई म्हणायची अंगारा लावला म्हणून निभावलं, भाऊ म्हणतो रिक्षा होती म्हणून. मी भावाच्या बाजूची आहे. पण आई दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट समोर पाठवायची, तेव्हा तिलाही हिशेब कळत होता.

या पुस्तकाची शेवटची काही पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या घरातली डबी कशाची आहे, पुडी कुणी आणली, कुणाच्या कपाळाला लागली आणि नंतर काय झालं, बरं किंवा वाईट, ते तिथे लिहून ठेवा. पोराला फणफणून ताप असेल तर मात्र आधी त्याला दवाखान्यात न्या. लिहायचं काय, नंतरही लिहिता येतं.